विजेची सावड

भारताचा नकाशा समोर ठेवून पाहिले, तर निसर्गाने आपली संपत्ती सर्वत्र सारखी वाटलेली नाही, हे सहज लक्षात येते. उत्तरेस हिमालयाची बर्फाच्छादित शिखरे आहेत, तर पश्चिमेस थरचे रखरखीत वाळवंट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात अहोरात्र पाऊस कोसळतो. परंतु त्याच सह्याद्रीच्या पूर्वेस थोडे अंतर गेले, की पावसासाठी आकाशाकडे डोळे लावून बसणारी गावे लागतात. एका प्रदेशात गहू पिकतो, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात ज्वारी. विजेच्या बाबतीतही आपल्या देशात अशीच विविधता आढळते.

कोळशापासून वीज तयार होते, तेव्हा ही विविधता फारशी जाणवत नाही. कोळसा एका ठिकाणी खणून काढावा, आगगाडीत भरावा आणि हजार किलोमीटर दूर नेऊन जाळावा, हे शक्य असते. वाऱ्याचे तसे नाही. वारा पोत्यात भरता येत नाही आणि ऊन वाघिणीत घालून नेता येत नाही. धबधब्याची उंची तर जागची हलत नाही. या शक्ती जेथे असतील, तेथेच जाऊन त्यांच्यापासून वीज निर्माण करावी लागते. मात्र कोळसा एकदा जाळला की संपतो आणि मागे धूर व राख ठेवतो. ऊन, वारा व वाहते पाणी पुन्हा पुन्हा मिळत राहतात. म्हणून त्यांना अक्षय ऊर्जा असे म्हणतात. कोणत्या प्रदेशाच्या वाट्याला या अक्षय भांडारातील काय आले आहे, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. पाण्यापासून वीज निर्माण करण्यासाठी दोन गोष्टी लागतात : भरपूर पाणी आणि ते खाली पडण्यासाठी उंची. उंचावरून वेगाने उतरणारे पाणी टर्बाईनच्या पात्यांवर आदळते. त्यामुळे चाक फिरते, चाकाला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. म्हणूनच सपाट मैदानातील संथ व विशाल नदीपेक्षा डोंगरातील एखादा खळाळता ओढा या कामी कधी कधी अधिक उपयोगी पडतो. भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झाले, ते अशाच डोंगरी ओढ्यांच्या पाण्यावर. पुढे १९०२ साली म्हैसूर संस्थानात कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे वीज निर्माण होऊ लागली आणि ती सुमारे १५० किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. जेथे पाणी आहे तेथे वीज करावी आणि जेथे गरज आहे तेथे ती तारांवरून न्यावी, हा धडा देशाला प्रथम तेथे मिळाला.

सह्याद्रीची रचना तर जणू याच कामासाठी झाली आहे. त्याच्या माथ्यावर भरपूर पाऊस पडतो आणि त्याची पश्चिमेकडील बाजू भिंतीसारखी एकदम कोकणात उतरते. घाटमाथ्यावर तलाव बांधून साठविलेले पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडले, तर केवढी शक्ती मिळेल, याची कल्पना जमशेटजी टाटा यांच्या मनात घोळत होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांची कल्पना त्यांच्यामागे फळाला आली. १९१५ साली खोपोली येथील केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर भिवपुरी व भिरा येथील केंद्रे उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर धरण बांधण्यात आले. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी एरवी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जावयाचे. त्यातील काही पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविण्यात आले. हे पाणी पोफळीजवळच्या भूमिगत वीजगृहात चक्रे फिरवून वाशिष्ठी नदीत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. या प्रकल्पाची वीज १९६२ सालापासून मिळू लागली आणि आज त्याची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

हिमालयातील नद्यांना पावसाबरोबरच वितळणाऱ्या बर्फाचेही पाणी मिळते. हिमाचल प्रदेशातील सतलजवर नाथपा झाकडी हे १,५०० मेगावॉटचे केंद्र आहे. उत्तराखंडात भागीरथीवर टिहरीचे २६० मीटरांहून उंच धरण आहे. ईशान्येकडील अरुणाचल प्रदेशात तर पाण्यापासून वीज निर्माण करण्याला सर्व राज्यांत अधिक वाव आहे. परंतु त्याचा मोठा भाग अद्याप उपयोगात आलेला नाही. तेथील डोंगर ठिसूळ आहेत, भूकंपाचा धोका मोठा आहे आणि घनदाट अरण्ये तोडल्यावाचून रस्ते करता येत नाहीत. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने अडवितो, याचे हे उदाहरण होय.

आता वाऱ्याकडे वळू. वाऱ्यासंबंधी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याच्यातील शक्ती दुप्पट होत नाही. ती आठपट होते. त्यामुळे मंद वाऱ्याचा प्रदेश आणि जोराच्या वाऱ्याचा प्रदेश यांत फार मोठे अंतर पडते. नदीचे पात्र अरुंद झाले, की तिचा प्रवाह जसा वेगवान होतो, तसेच डोंगरांमधील खिंडीतून जाताना वाऱ्याचे होते. तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यात आरलवाय्मोळी नावाची खिंड आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे तेथून सोसाट्याने वाहतात. त्या खिंडीजवळील मुप्पंदल परिसरात पवनचक्क्यांचे जणू अरण्यच उभे राहिले आहे. केरळमधून तमिळनाडूत शिरणाऱ्या पालघाटच्या खिंडीनेही कोइमतूरच्या बाजूस असाच जोराचा वारा आणून सोडला आहे. १९८६ साली देशातील पवनचक्क्यांचे पहिले समूह गुजरात, महाराष्ट्र व तमिळनाडू या राज्यांच्या किनाऱ्यांवर उभारण्यात आले. आज सौराष्ट्र व कच्छचा किनारा, जैसलमेरची माळराने, सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याचे पठार आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलचा परिसर येथेही त्यांची पाती फिरताना दृष्टीस पडतात. गंगेच्या सखल मैदानात मात्र वारा सौम्य असतो. तेथे त्या क्वचितच दिसतील.

सूर्य सर्वांचा आहे खरा, पण त्याचा प्रकाशही सर्वांना सारखा मिळत नाही. आसाम व मेघालय यांच्या आकाशात वर्षातील पुष्कळ दिवस ढग असतात. याउलट राजस्थानच्या पश्चिम भागात आकाश बहुतेक निरभ्र असते. फलोदीजवळ भडला नावाचा एक उजाड, वालुकामय टापू आहे. तेथे पीक येणे कठीण, पाणी दुर्मीळ आणि उन्हाळा असह्य. याच ठिकाणी २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान उभारण्यात आले आहे. एक मेगावॉट म्हणजे दहा वॉटचे एक लाख दिवे एकाच वेळी पेटविण्याइतकी शक्ती. या हिशेबाने भडला पूर्ण क्षमतेने चालले, तर बावीस कोटींहून अधिक दिवे पेटतील. आणि सूर्य मावळल्यावर त्याच्या स्वतःच्या प्रकाशाने एकही पेटणार नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

ऊन जितके तापेल तितकी वीज अधिक, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो बरोबर नाही. सौर पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पॅनेल फार तापले, की त्याची वीज उलट थोडी कमी होते. लडाखमध्ये हवा विरळ व थंड आहे आणि प्रकाश प्रखर आहे. त्यामुळे हा हिमप्रदेश सौर विजेला फार अनुकूल आहे. अडचण आहे ती दुसरीच. उंच खिंडी आणि बर्फ ओलांडून तेथील वीज मैदानात आणणाऱ्या तारा टाकणे हे फार कष्टाचे व खर्चाचे काम आहे.

गुजरातने या विद्येत पुष्कळ प्रगती केली आहे. मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासण येथे २०१२ साली नर्मदेच्या कालव्यावरच सौर पॅनेलचे छप्पर घालण्यात आले. त्यामुळे शेतजमीन अडली नाही आणि कालव्यातील पाण्याची वाफही कमी होऊ लागली. त्याच जिल्ह्यातील मोढेरा येथे अकराव्या शतकातील प्रसिद्ध सूर्यमंदिर आहे. ते गाव सौर विजेवर चालणारे गाव म्हणून २०२२ साली जाहीर झाले. कच्छच्या रणाकाठी खावडा येथे तर ऊन व वारा या दोहोंपासून मिळून ३०,००० मेगावॉट क्षमता उभी करण्याचे योजले असून, २०२४ सालापासून तेथील वीज मिळू लागली आहे.

शेतातूनही वीज मिळते. उसाचा रस काढल्यावर उरणारे चिपाड जाळून महाराष्ट्र व उत्तर प्रदेश येथील अनेक साखर कारखाने वीज तयार करतात. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज ते विकतातही. ही वीज मुख्यतः हिवाळ्यात, म्हणजे उसाच्या गळीत हंगामात, मिळते.

मग ज्या प्रदेशांना ना उंच धबधबे, ना सोसाट्याचा वारा, ना मोकळी माळराने, त्यांनी काय करावे? बिहार व पश्चिम बंगाल येथील जमीन सुपीक आहे आणि लोकवस्ती दाट आहे. तेथे हजारो एकर जमिनीवर पॅनेल पसरावयाचे म्हणजे माणसांच्या तोंडचा घास काढून घेणे होय. झारखंड, ओडिशा व छत्तीसगढ यांच्या भूमीत कोळशाचे मोठे साठे आहेत. अक्षय विजेच्या यादीत हे प्रदेश मागे दिसतात, म्हणून त्यांना कोणी आळशी म्हणू नये. त्यांच्याच कोळशाने गेली कित्येक दशके साऱ्या देशातील दिवे पेटविले आहेत, आणि त्याची राख व धूळ त्यांच्याच वाट्याला आली आहे. २०२५ सालच्या मध्यापर्यंत देशातील वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांवाचून चालणारी झाली. परंतु क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निर्मिती निराळी. सौर पॅनेल रात्री झोपते आणि पवनचक्की वारा पडला की थांबते; कोळशाची भट्टी मात्र रात्रंदिवस पेटती ठेवता येते. त्यामुळे प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत आजही कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निसर्गाचे कोणतेही दान स्वतःपुरते पूर्ण नाही. सूर्य फक्त दिवसा वीज देतो, आणि घरोघरचे दिवे तर रात्री लागतात. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते. पण त्याच चार महिन्यांत वारा जोरात असतो. हिमालयातील नद्या उन्हाळ्यात बर्फ वितळून दुथडी भरतात आणि हिवाळ्यात रोडावतात. एकाकडे ज्या वेळी भरभराट असते, त्या वेळी दुसऱ्याकडे टंचाई असते. अशा वेळी शहाण्या माणसांनी काय करावे?

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. नांगराला बैलांची जोडी लागते. गरीब शेतकऱ्याच्या गोठ्यात एकच बैल असतो, शेजाऱ्याकडेही एकच. दोघेही एकटे राहिले, तर दोघांचीही शेते पडीक राहतील. म्हणून दोघे आपापले बैल एकत्र जुंपतात. आज एकाचे शेत नांगरतात, उद्या दुसऱ्याचे. मजूर कमी पडले, तर माणसेही याच रीतीने एकमेकांच्या शेतावर राबतात. या पद्धतीला सावड म्हणतात. देशातील विजेची व्यवस्था ही अशीच एक प्रचंड सावड आहे. ती जमते उच्चदाबाच्या तारांच्या जाळ्यामुळे. या जाळ्याला ग्रिड असे म्हणतात.

हे जाळे एका दिवसात विणले गेले नाही. पूर्वी उत्तर, पश्चिम, पूर्व, ईशान्य व दक्षिण अशी पाच निरनिराळी जाळी होती. ती हळूहळू एकमेकांस जोडण्यात आली. शेवटी दक्षिणेचे जाळे तेवढे राहिले होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कर्नाटकातील रायचूर आणि महाराष्ट्रातील सोलापूर यांना जोडणारी वाहिनी सुरू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साऱ्या देशाची वीज एकाच लयीत वाहू लागली. पूर्वी तमिळनाडूत वारा भरपूर असूनही तारा अपुऱ्या असल्यामुळे कधी कधी पवनचक्क्या थांबवून ठेवाव्या लागत. आता तो वारा उत्तरेच्याही उपयोगी पडू शकतो. मध्य प्रदेशातील रेवा येथे विंध्याच्या पठारावर पडणाऱ्या उन्हाने दिल्लीतील मेट्रो रेल्वे चालते. अरुणाचल प्रदेश व कच्छ यांच्या सूर्यास्तांमध्ये जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. म्हणून पूर्वेकडे दिवेलागण झालेली असते, तेव्हा पश्चिमेच्या टोकाची पॅनेल अजून उन्हात असतात. हिमाचल प्रदेश तर आपली उन्हाळ्यातील जास्तीची वीज पंजाब, हरियाणा, दिल्ली यांसारख्या राज्यांना देतो आणि नद्या रोडावल्या, की हिवाळ्यात ती वीजरूपानेच परत घेतो. यात पैशांऐवजी विजेचीच देवघेव होते. सावड म्हणतात ती हीच.

दुपारची वीज रात्रीसाठी ठेवण्याचीही एक युक्ती आहे. अकोले तालुक्यात घाटघर येथे घाटमाथ्यावर एक तलाव आहे व त्याच्या खाली कोकणात दुसरा. विजेची गरज वाढली, की वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. गरज कमी झाली, की शिल्लक विजेवर तेच पाणी पुन्हा वर चढवितात. कणगीत धान्य साठवावे, तशी येथे पाण्याच्या रूपाने वीज साठविली जाते. ऊन आणि वारा यांच्यावरील भिस्त जसजशी वाढेल, तसतशी अशा कणग्यांची गरजही वाढत जाईल.

सावडीत लाभ असतो, तशी जबाबदारीही असते. आपली पाळी नसताना कोणी दुसऱ्याचा बैल ओढून नेला, तर साऱ्यांचीच कामे खोळंबतात. ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी हा अनुभव देशाला आला. वाहिन्यांवरील भार मर्यादेबाहेर गेला. काही ठिकाणी ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली जात होती, हे त्याचे एक कारण होते. पहिल्या दिवशी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी एकदम बंद पडली. सुमारे साठ कोटी लोक राहत असलेल्या भागांत अंधार पसरला. आगगाड्या वाटेत थांबल्या. एकत्र बांधलेल्यांनी एकमेकांचा विचार केला नाही, तर काय होते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

परंतु या सावडीत आणखी एक प्रश्न आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांच्या भूमीवर वीज निर्माण होते, त्यांना तिच्या मोबदल्यात काय मिळते?

पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात भाताची सुपीक खाचरे होती. मुंबईला वीज देण्यासाठी तेथे धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा खाचरांसह कित्येक गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते. याच लढ्यामुळे लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेच. मुंबईत दिवे लागले आणि मावळातील घरांत पाणी शिरले. पुढे टिहरीचे धरण झाले, तेव्हा १८१५ साली वसलेले, एका संस्थानाची राजधानी असलेले जुने टिहरी शहर जलाशयात बुडाले. लोक वर डोंगरावर नव्या टिहरीत राहावयास गेले. पण जुन्या गल्ल्या आणि नदीचा काठ त्यांना बरोबर नेता आला नाही. सुंदरलाल बहुगुणा यांनी या धरणाविरुद्ध अनेक वर्षे झगडून दीर्घ उपोषणे केली होती.

ऊन व वारा यांच्यापासून होणारी वीजही अगदी निर्दोष आहे असे नाही. राजस्थान व गुजरात यांच्या माळरानांवर माळढोक नावाचा मोठा पक्षी राहतो. सोलापूरजवळील नान्नजचे अभयारण्यही याच पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपासच उरले असावेत. त्याचे शरीर जड असते आणि उडताना त्याला समोरचे नीट दिसत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून नेण्याविषयी आदेश दिला. पुढे २०२४ साली त्या आदेशात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. माणसाला स्वच्छ वीज हवी आणि पक्ष्याला मोकळे आकाश हवे. या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही.

तरीही परतफेडीचे काही चांगले मार्ग निघाले आहेत. कर्नाटकातील पावगडा हा सतत दुष्काळ सोसणारा तालुका. तेथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभारताना शेतकऱ्यांकडून जमिनी विकत घेण्यात आल्या नाहीत. त्या भाडेपट्ट्याने घेतल्या. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली आणि दर एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. ते दर दोन वर्षांनी वाढते. पाऊस पडो वा न पडो, शेतकऱ्याच्या हाती काही उत्पन्न निश्चित पडू लागले. अर्थात, ज्यांच्याजवळ स्वतःची जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांना भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे शेतावरील काम मात्र गेले. त्यांचा विचार होणे अजून राहिले आहे. हिमालयातील राज्यांत केंद्र सरकारचे मोठे जलविद्युत् प्रकल्प होतात, तेव्हा त्या राज्यांस शेकडा १२ भाग वीज विनामूल्य द्यावी, असा नियम आहे. ज्याच्या अंगणातून पाणी न्यावयाचे, त्याच्या घरी प्रथम दिवा लावावा, हाच या नियमाचा आशय आहे.

हिमालयाचे बर्फ, कन्याकुमारीचा वारा, मारवाडचे ऊन, सह्याद्रीचा पाऊस आणि उसाचे चिपाड यांच्यापासून झालेली वीज एकाच तारेत मिसळली, की कोणती वीज कोणाची हे कोणालाही ओळखता येत नाही. दिवा लावणाऱ्याने एवढे मात्र ओळखावे, की त्याच्या उजेडासाठी कोणीतरी, कोठेतरी, आपली जमीन, आपले पाणी किंवा आपले आकाश दिलेले आहे. सावडीत दुसऱ्याचा बैल घेणारा शेतकरी त्याला उन्हात उभा ठेवीत नाही. काम संपताच वैरणपाणी करून तो धन्याच्या गोठ्यात परत नेऊन बांधतो. देशाच्या या मोठ्या सावडीतही प्रत्येकाला एवढे सहज करता येण्यासारखे आहे : वीज गरजेपुरती वापरावी, रिकाम्या खोलीतील दिवा विझवावा आणि ज्यांच्या भूमीतून ती आली, त्यांच्या न्याय्य मागणीला आपली म्हणावे.

शब्दार्थ

अक्षय — कधी न संपणारे. वाघीण — मालगाडीचा डबा. जनित्र — वीज निर्माण करणारे यंत्र. टापू — भूभाग. निरभ्र — ढग नसलेले. गळीत हंगाम — कारखान्यात ऊस गाळण्याचा काळ. रोडावणे — क्षीण होणे. कणगी — धान्य साठविण्याचे कुडाचे पात्र. पेटा — तालुक्याचा लहान पोटविभाग. खाचर — बांध घालून पाणी साठविता येईल असे भाताचे शेत. भाडेपट्टा — ठरावीक मुदतीसाठी जमीन भाड्याने देण्याचा करार.

स्वाध्याय

(१) एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र कोठे व केव्हा सुरू झाले?
(आ) पाण्यापासून वीज निर्माण करण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी लागतात?
(इ) ३१ डिसेंबर २०१३ रोजी कोणती दोन ठिकाणे जोडली गेली?

(२) कारणे सांगा :
(अ) मुप्पंदल परिसरात पुष्कळ पवनचक्क्या आहेत.
(आ) लडाखची थंड हवा सौर विजेला अनुकूल आहे.
(इ) देशातील वीजकेंद्रांची निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांवाचून चालणारी झाली, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

(३) सविस्तर उत्तरे लिहा :
(अ) विजेच्या जाळ्याला सावडीची उपमा का दिली आहे? हिमाचल प्रदेशाचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
(आ) मुळशी आणि पावगडा येथील शेतकऱ्यांना मिळालेल्या वागणुकीत कोणता फरक दिसतो? पावगड्याच्या व्यवस्थेत कोणती उणीव राहिली?

(४) पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : आकाशाकडे डोळे लावून बसणे, तोंडचा घास काढून घेणे, फळाला येणे, मेळ घालणे.

(५) भारताचा कोरा नकाशा घेऊन त्यात पाठात आलेली ठिकाणे दाखवा. पाण्याच्या विजेसाठी निळा, वाऱ्याच्या विजेसाठी हिरवा आणि उन्हाच्या विजेसाठी पिवळा रंग वापरा. कोणत्या भागात कोणता रंग दाट दिसतो आणि का, याविषयी दहा ओळी लिहा.

(६) आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारून तेथे सावड कशी चालत असे किंवा आजही कशी चालते, याची माहिती मिळवा.